बाबांचं पाणी, धरणाचं पाणी

आधीच सांगते, होडीत बसायची हौस मला कधीच नव्हती. बसून बसून वीट आला होता. लहानपणी बाबांच्या होडीत पुढच्या टोकाला मी, हातात कापलेला तेलाचा डबा, आणि काम एकच, आत आलेलं पाणी उपसून बाहेर फेकायचं. शिडाची दोरी बाबांच्या हातात, सुकाणू बाबांच्या हातात आणि हुकूम बाबांच्या तोंडात. मला हौस होती ती होडी चालवायची. एकटीनं, माझ्या हातानं, मागून कुणी ओरडत नसताना. बसणं आणि चालवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण आमच्या घरात तो एकाही माणसाला कळला नाही. "बाईमानसाच्या हातात होरी देत नाय कोनी," एवढं बोलून बाबा विषय मिटवायचे. होरी म्हणजे होडी. आमच्या खाडीकाठच्या बोलीत ती होरीच.

आमचं घर कोपरखैरण्याच्या जुन्या गावठाणात. नव्वदीच्या सुरुवातीला माझं लग्न झालं तोवर आमच्या भातशेतावर सेक्टर उभे राहिले होते, आणि मी नवऱ्याबरोबर त्यातल्याच एका सेक्टरात राहायला गेले. बाबा गावठाणातच, चालत दहा मिनिटांवर. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. शेत गेलं, मिठागर गेलं, खाडी तेवढी जागेवर होती, पण तीही नावाला. पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यांचे नाले तिच्यात सुटायचे, मासळीला घासलेटचा वास यायला लागला, आणि एक दिवस बाबांनी होडी काढून टाकली.

त्यांच्याजवळ उरलं काय, तर पाण्याची जाण. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता समुद्राला पूर्ण भरती. आमच्याकडे खाडीत आत पाणी पोचायला आणखी वेळ लागतो, तो बाबा मनातच धरायचे. भरतीला पाणी ठाण्याकडे चढतं. ओहोटीला, म्हणजे आमच्या सुकतीला, समुद्राकडे उतरतं. सुकतीवर जायचं आणि भरतीवर यायचं, घरी पाणीच आणून सोडतं, हे मी त्यांच्या तोंडून हजार वेळा ऐकलंय. चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडायला जाणारे लोक अजून सकाळी त्यांच्या ओट्यावर येऊन वेळ विचारायचे. बाबा कॅलेंडरही बघायचे नाहीत. आभाळाकडे बघून सांगायचे आणि ते चुकायचं नाही. म्हणून तर मला जास्त राग यायचा. चुकणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं.

नवरा आणि मी दोघंही पावण्याच्या एका फायबरच्या वर्कशॉपमध्ये कामाला होतो. पाण्याच्या टाक्या, कूलरच्या बॉड्या, असलं बनायचं तिथे. तो साच्यावर मॅट आणि रेझिन चढवायचा, मी घासकाम करायची. फायबर घासलं की अंगाला अशी खाज सुटते की जेवणाच्या सुट्टीत डबा खावा की अंग खाजवावं, समजत नाही. तर तिथे एकदा वाशीच्या कुठल्याशा साहेबानं परदेशी मासिकातला फोटो आणून दिला. लांबट, चिंचोळी होडी, माणसं मावणार दोन. दोन्ही अंगांना आडव्या दांड्यांवर बसवलेले दोन छोटे तरंगते नळे, मध्ये एवढंसं शीड. साहेब म्हणाला, ही कायाक, ट्रायमरान. मी म्हटलं, साहेब, ही तर उलांडी! होडी कलंडू नये म्हणून आमच्या कोकणात बाजूला लाकूड बांधतात, ती उलांडी. हिला दोन्हीकडे आहे एवढंच.

होडी झाली, छान झाली. पण तोवर साहेबाची बदली झाली आणि तो गेला तो गेलाच. वर्षभर होडी अंगणात टाक्यांच्या मागे पडून होती. शेवटी शेठ वैतागला आणि म्हणाला, "घेऊन जा बाबा कोणीतरी, जागा अडवतेय." दुसऱ्या कुणी तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "मी नेते." नवऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी हत्ती मागून घेतला.

होडीबरोबर साहेबाचं एक लाइफ जॅकेट राहिलं होतं आणि एक इंग्रजी पुस्तिका. मोठ्या तलावांवर असली छोटी होडी सुरक्षित कशी चालवायची, एवढाच तिचा विषय. मी बारावी पास. डिक्शनरी घेऊन महिनाभर रोज रात्रीचा स्वयंपाक झाला की वाचायची. जॅकेट घातल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नका. काठापासून तेवढंच लांब जा जेवढं पोहत येता येईल. निघण्याआधी काठावरच्या माणसाला सांगा की मी अमुक वाजता परत येईन, आणि न आल्यास त्यानं मदत आणावी. आणि एक वाक्य तर तीनदा तीन ठिकाणी होतं, की आधी वाऱ्याच्या तोंडावर जा, दमायच्या आत. म्हणजे परतताना वारा पाठीशी राहतो. हे सगळं मी बाबांना वाचून दाखवलं. बाबा पोट धरून हसले.

"वारा कनाला पाहिजे परत यायला? पानी आनील ना!"

खरं सांगते, मलाही तेच वाटलं. अख्ख्या पुस्तिकेत भरती-ओहोटीचा एक शब्द नाही! मी डिक्शनरीतून ते इंग्रजी शब्द काढले, पुन्हा पानं चाळली. नाहीच. मी नवऱ्याला म्हटलं, लिहिणाऱ्याला काडीची अक्कल नाही, पाण्याचं पुस्तक लिहितो आणि पाणी कधी फिरतं तेच सांगत नाही. नवरा "हं" म्हणाला. तो घाटावरचा, त्याचं गाव साताऱ्याकडच्या एका मोठ्या धरणाच्या काठावर. त्याला होडीत रस नव्हता. मला आहे म्हणून त्याला होता, हे मात्र कबूल करायला हवं.

पहिल्यांदा आम्ही ती खाडीत उतरवली. जेटीवर बाबा आमच्या आधीच येऊन उभे! मी जॅकेट घालून मागच्या जागेकडे वळले, तर बाबा तिथे बसलेले. दोरी हातात, सुकाणूवर हात. मला म्हणतात, "तू फुरं बस." पुढं! एका मुलीची आई होते मी तेव्हा, वर्कशॉपमध्ये चार बायकांना काम शिकवत होते, आणि खाडीत गेले की पुन्हा डबा घेऊन पुढं. मी बसले. काय करणार, काठावर निम्मं गाव बघायला उभं. दोन तास बाबांनी होडी फिरवली आणि मी पाणी उपसलं. दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच. मी म्हटलं, "बाबा, आता मी." तर म्हणे, "वारा बघ कसा हाय, आज नको." वारा पंख्याएवढासुद्धा नव्हता! सटकलीच माझी, पण परत काठावर आल्यावर त्या चिंचोळ्या जागेतून त्यांना उठताच येईना. गुडघे अडकले. दोघांनी काखेत हात घालून उचलून काढलं. गुडघे सुजून भोपळ्यासारखे झाले, आणि डॉक्टरनं सांगितलं, पुन्हा असं दुमडून बसायचं नाही. मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं.

पण बाबा गप्प बसतात काय? ते जेटीवरून ओरडायला लागले. एप्रिलपर्यंत त्यांचा आवाज असा झाला की मी सुकाणूला हात लावायच्या आत तो माझ्या कानात यायचा. खाडीत जिथवर जावं तिथवर ओळखीचं कुणीतरी असायचंच, आणि तोही ओरडायचा, तुझ्या बापसानं काय सांगितलंन! एका संध्याकाळी मी नवऱ्यापुढे रडले. अक्षरशः रडले. म्हटलं, एकदा, फक्त एकदा मला ती होडी कुणी न सांगता चालवायची आहे, मग विका नाहीतर जाळा. त्यावर तो म्हणाला, "गावाकडं नेऊ की. धरण हाय. पाणी स्वच्छ, ओरडाय कोण न्हाई."

वर्कशॉपचा टेम्पो टाक्या घेऊन घाटावर जाणार होता. टाक्यांवर होडी बांधली. मुलीला जावेकडे कामोठ्याला ठेवलं. आणि निघायच्या सकाळी टेम्पोजवळ बाबा उभे, धोतर नेसून, पिशवी घेऊन.

"मोटा पानी हाय म्हनं तिकरं," म्हणाले. "तुमाला काय कलनार त्यातला."

कपाळ माझं!

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला आम्ही धरणाच्या काठावर होतो. डोंगराच्या पायथ्याशी, त्याच्याच आडोशाला. पाणी एवढं पसरलेलं की मला आमची खाडीच वाटली, फक्त निळी आणि बिनवासाची. काठाशी वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. नवरा उलांडीच्या दांड्यांचे दोर आवळत होता. बाबा एका दगडावर बसले, आभाळाकडे बघितलं आणि बोटं मोजली.

"आज षष्ठी. साडेचारला पुरी भरती. म्हंजे साडेधापत्तुर सुकती हाय. मजेत जा तवर लांब. पानी फिरला का भरती तुला हितं आनून सोरल."

आणि मी मान डोलावली.

आता सांगताना लाज वाटते. चंद्र, समुद्र, भरती, सगळं शाळेत शिकलेली मी. कुणी विचारलं असतं, "धरणाला भरती येते का?" तर मीही "नाही" म्हटलं असतं. पण विचारलं कुणी? बाबांनी वेळ सांगायची आणि आम्ही मान डोलवायची, हे चाळीस वर्षं आमच्या घरात चालत आलेलं. नवऱ्याच्या हातातला दोर मात्र थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि परत मिटलं. मी ते पाहिलं, पण मला घाई होती. अकरा-साडेअकरापर्यंत येते, असं त्याला सांगितलं, जॅकेटचे बंद बांधले आणि होडी ढकलली.

पहिला अर्धा तास मी कुणालाच देणार नाही. वल्ह्यानं थोडी पुढे आले, शीड उघडलं, आणि डोंगराच्या आडोशातून बाहेर पडल्याबरोबर पाठीमागून वारा आला. दोरी हाताला ओढ द्यायला लागली. दोन्ही उलांड्या पाण्यावरून सरसर जात होत्या, एक उचलली की दुसरी टेकायची. मी मोठ्यानं हसले. गाणंही म्हटलं असेल. मागून कुणी ओरडत नव्हतं. मागे वळून पाहिलं तेव्हा बाबांचं पांढरं धोतर तांदळाच्या दाण्याएवढं दिसत होतं. आणि पुस्तिकेतलं ते तीनदा लिहिलेलं वाक्य? आठवलं ना. पण मनात म्हटलं, साडेदहाला पाणी फिरणारच आहे.

मध्यावर आल्यावर चित्रच पालटलं. काठावरून जे पाणी निवांत दिसत होतं त्याला इथे लाटा होत्या, आखूड आणि ताठ, मागून येऊन होडीच्या आत पडणाऱ्या. वारा वाढला होता. मी होडी वळवून बघितली. शीड नुसतं फडफडायला लागलं आणि वारा मला मागे ढकलत होता. पुन्हा वळवली, तिरकी नेऊन बघितली. एवढंसं शीड, ते वाऱ्याच्या तोंडावर कुठलं जातंय! डाव्या उलांडीचा पुढचा दोर सैल होऊन दांडी कुरकुरायला लागली. मग वळायचा नाद सोडला, शीड निम्मं गुंडाळलं आणि वारा नेईल तिकडे, समोरच्या काठाला लागले. पाण्याखाली जुन्या झाडांचे बुंधे होते. एकावर सुकाणू आपटलं आणि त्याची खीळ वाकली.

उतरले तेव्हा दहा वाजून गेले होते. मी घाबरले नव्हते, हे खरं. दोर आवळला, पाणी उपसलं, काठावर बसले. टेन्शन कसलं? अर्ध्या तासात पाणी फिरेल, मग वारा असो नसो. लहानपणी आम्ही खाडीच्या चिखलात करायचो तसं केलं, बरोबर पाण्याच्या कडेला एक काटकी रोवली. सुकती असेल तर काटकी कोरडी पडते, भरती लागली की भिजते.

साडेदहा झाले. अकरा. काटकी होती तिथेच. पाणी बोटभर वर नाही, बोटभर खाली नाही. मी स्वतःशीच हिशोब केला, आत पोचायला वेळ लागत असेल. साडेअकरा. बारा. ऊन डोक्यावर आलं. मी ओणवी होऊन काटकीकडे बघत बसले होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय गं बया, काय शोधतियास?"

म्हशी चारणारी बाई होती, माझ्याच वयाची. मी म्हटलं, पाणी फिरायची वाट बघतेय. ती म्हणाली, "कुठं फिराय?" मी भरती, सुकती, षष्ठी, सगळं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग डोक्यावरचा पदर तोंडात कोंबला.

"अगं, धरनाचं पानी हाय ह्ये! ह्ये कुठं जातंय आन् कुठनं येतंय? दार उघडलं की उतरतंय, पावसाळ्यात चढतंय. भरती कसली घिऊन बसलियास?"

तोंडात मारल्यासारखं झालं. मी काटकी उपटली आणि पाण्यात भिरकावली. त्या बाईनं भाकर देऊ का विचारलं, मी नको म्हटलं, आणि मग एवढं रडू आलं की तिनं हसायचं थांबवलं. तळपायाची आग मस्तकात गेली होती. बाबांवर, नवऱ्यावर, आणि सगळ्यात जास्त माझ्यावर. मोठी निघाले होते कुणी न सांगता होडी चालवायला! इथवर आले ती बाबांच्याच सांगण्यावर. एकटी होते तरी मागे तेच बसले होते.

मी त्या बाईला विचारलं, काठाकाठानं गेलं तर पलीकडं पोचता येतं का? ती म्हणाली, येतं, पण लई लांबचा वळसा हाय. मग मी पहिल्यांदा माझ्या डोक्यानं विचार केला. मधून जायचं नाही, कितीही जवळ दिसो. शीड उतरवून गच्च बांधलं. वाकलेलं सुकाणू काढून आत टाकलं. पुढच्या टोकाला दोर बांधला आणि गुडघाभर पाण्यातून होडी ओढत चालू लागले. जिथे काठ आत वळायचा तिथे आडोसा बघून वल्हं मारायची, पुन्हा उतरायची. जॅकेट अंगावरच. तळव्यांना दगड लागून रक्त आलं, खांदे भरून आले, नाकी नऊ आले. पण एकदाही पोहून गाठता येणार नाही एवढ्या लांब काठ सोडला नाही. त्या चार-साडेचार तासांत मी कुणाचंही ऐकलं नाही, कारण सांगायला कुणी नव्हतंच.

साडेपाचच्या सुमाराला शेवटचं वळण घेतलं तेव्हा ते दोघं दिसले. नवरा काठावर इकडून तिकडे फेऱ्या मारत होता. बाबा पाण्यात होते. कमरेपर्यंत, धोतरासकट, काठी टेकून. सुजलेल्या गुडघ्यांनी त्या दगडांत किती वेळ उभे होते कुणास ठाऊक.

मी आधी नवऱ्यावर तुटून पडले. अकरा-साडेअकरा सांगितलं होतं ना? मग बारा वाजता का नाही कुणाला बोलावलं? कोळ्यांची होडी होती पलीकडच्या वाडीत, तूच सांगितलं होतंस! 'अहो'सुद्धा विसरले होते मी.

"मामा म्हणाले थांबा, पाणी फिरंल," तो खाली बघत म्हणाला. "मी म्हटलं जातो, तर म्हणाले, जावईबापू, तुमाला पाण्यातलं काय कळतं."

"तुझा जन्म गेला या धरणावर! तुला माहीत नव्हतं हे पाणी फिरत नाही म्हणून?"

"ठाऊक होतं की. सकाळीच बोलणार हुतो. पण मामांपुढं कसं बोलायचं?"

हात टेकले मी. सासऱ्यापुढे उलट बोलायचं नाही म्हणून बायको पाण्यात! दोन वाजता मात्र त्यानं न विचारता वाडी गाठली होती, पण कोळी बाजाराला गेलेले. होडी होती, वल्ही कुलपात.

बाबा अजून पाण्यातच होते. त्यांच्यासाठी मी वाटभर शब्द जुळवत आले होते, चांगले ठेवणीतले. ते माझ्याकडे बघत नव्हते. पाण्याकडे बघत होते.

"पानी फिरलाच नाय, बाय," ते म्हणाले.

बस, एवढंच. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. मी होडीचा दोर सोडला आणि त्यांच्याकडे पाण्यात गेले. दोघांनी धरून त्यांना बाहेर काढलं.

परतीच्या टेम्पोत ते बोलले नाहीत. कोपरखैरण्याला उतरल्यावर बोलले नाहीत. मला वाटलं, दोन दिवस जातील, मग सुरू होतील. दोन आठवडे गेले. मग कळलं, की चिंबोरीवाले ओट्यावर येऊन वेळ विचारतात तर बाबा म्हणतात, पेपरात छापून येतं, तिथं बघा. लोकांना वाटलं म्हाताऱ्याचं डोकं गेलं. एक-दोघं विचारायला आले, मग येईनासे झाले. ओटा रिकामा. शेत गेलं तेव्हा हा माणूस गप्प झाला नव्हता, होडी गेली तेव्हा झाला नव्हता.

आणि मी? मला हवं होतं ते मिळालं होतं! खाडीत होडी न्यायला कुणाची आडकाठी नाही, जेटीवर कुणी ओरडायला नाही. सुकाणूची खीळ नवी करून घेतली. एका रविवारी सकाळी मी बाबांकडे गेले आणि विचारलं, आज सुकती कधी लागेल?

"मना नको इचारू."

"मग कुणाला विचारू?"

"पेपरात बघ."

माझी सटकली. म्हटलं, "एवढी वर्षं नको नको होईपर्यंत सांगितलंत, कान किटले माझे, आणि आता विचारतेय तर पेपरात बघू? धरणावर चुकलात, बरोबर, चुकलात! मीही चुकले. मग काय तोंडाला कुलूप लावून बसायचं? खाडी काय धरण आहे?" ओरडले मी, शेजारपाजारची माणसं बाहेर आली. बाबा भिंतीकडे तोंड करून बसले. माझा आवाज चिरकला आणि मी तशीच निघाले.

जेटीवर होडी लावली, शीड चढवलं. पेपरातली समुद्राच्या पूर्ण भरतीची वेळ मी पाहून ठेवली होतीच, अकरा दहा. अकरा दहाला मी जॅकेट बांधून मागच्या जागेवर बसले. वर बघितलं तर बाबा काठी टेकत येत होते. जेटीच्या पायरीवर बसले. माझ्याकडे बघितलं नाही. खाडीकडे बघत होते. मी वल्हं जेटीला लावलं, ढकलणार, एवढ्यात त्यांचा हात उठला आणि पुन्हा मांडीवर पडला. बोलावं की नाही, त्यांना ठरवता येत नव्हतं. ओठ हलत होते.

मी वल्हं थांबवलं.

"थांब," ते म्हणाले. इतकं हळू की मला ओठांवरूनच कळलं.

"किती?"

"अर्दा तास."

माझ्या हातात दोरी होती, सुकाणू होतं, वारा मनासारखा होता, दुपारच्या पाहुण्यांचा स्वयंपाक पडला होता, आणि पेपर म्हणत होता निघ. मी वल्हं आत घेतलं. चिखलाचा वास, डोक्यावर ऊन, डासांनी पाय फोडून काढले. बाबांचा अर्धा तास पाऊण तासाचा झाला, मग तासाचा. त्यांना पुन्हा पुन्हा पाण्याकडे बघावं लागत होतं, पूर्वी कधी लागलं नव्हतं. ते "आता" म्हणेपर्यंत मी बसून राहिले.